लेकीच्या तोंडी वऱ्हाडी आली आणि आबांच्या तोंडून गेली

अकोटवाली

धागा काढावा की नाही याचा आठ दिवस विचार करतेय. हा राजकारणाचा धागा नाही, तसा होऊ देऊ नका अशी आधीच विनंती (होणार, माहीत आहे).

माहेर अकोट, जिल्हा अकोला. सासर वाई. राहायला पुण्यात, यंदा सतरा वर्षं होतील. इथे सगळे मला 'नागपूरकडची' म्हणतात. अकोटहून नागपूर अडीचशे किलोमीटर आहे आणि आमच्या लहानपणी नागपूरला जाणं म्हणजे मोठा प्रवास होता, हे सांगून सांगून दमले, आता 'हो, तिकडचीच' म्हणते.

पुण्यात आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्या मावशींना विचारलं, "सांबार कशी जुडी?" त्या म्हणाल्या, "सांबार पुढच्या चौकात, उडप्याकडे." मागे उभ्या असलेल्या बायकाही हसल्या आणि मीही हसले. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मग मी शिकले. मुनग्याचा शेवगा झाला, जांबाचा पेरू, फल्लीदाण्यांचे शेंगदाणे. सहा महिन्यांत सगळं पाठ. तक्रार नाही, ज्या गावात राहायचं तिथली भाजी तिथल्या नावाने मागायची.

आता मूळ गोष्ट. लेक सहावीत आहे. डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग होतं, विषय 'माझा महाराष्ट्र'. नाटुकल्यात एक साहेब, एक बाईसाहेब, पाहुणे आणि एक मोलकरीण. मोलकरणीचं काम लेकीला मिळालं. बाई म्हणाल्या, "तुझी आई तिकडची ना? तिच्याकडून ती भाषा शिकून ये, मजा येईल." आणि मी शिकवली. दोन रात्री जागून, अगदी आनंदाने शिकवली. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात 'काऊन' आणि 'कायले' असं मोठ्याने बोललं जात होतं.

तिचं पहिलं वाक्य होतं, "बाईसाहेब, पाहुणे येऊन राह्यले जी." त्यात विनोद काहीच नाही. पाहुणे येताहेत, एवढंच. पण 'राह्यले' म्हणताच सभागृह हसलं. खरे विनोद पुढे होते, त्यांना एवढं हसू आलं नाही. लेकीला बक्षीस मिळालं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी अकोटहून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. रोजचंच, "काय करून राह्यली बेटा?" लेकीने स्टेजवरचा आवाज काढून, हेल काढून उत्तर दिलं, "अभ्यास करून राह्यली जीऽऽ!" आबा हसले. खूप हसले. तिला काही वाईट हेतू नव्हता, बारा वर्षांची पोर आहे.

त्यानंतर आबा तिच्याशी फोनवर शुद्ध बोलतात. "काय करते आहेस बाळ? जेवण झालं का?" माझ्याशी तेच जुनं, तिच्याशी बातम्या दिल्यासारखं. परवा तर मधेच थांबले, "काय करून रा… काय करते आहेस?"

वय ७८. आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिले, भल्याभल्यांना उलटं बोलणारा माणूस.

तर प्रश्न असा: मी लेकीला काय सांगू? की काहीच सांगू नये? आणि तुमच्याकडे पण असंच असतं का, की हे फक्त आमच्या वाट्याला?

---

पेठेबाहेरचा

ताई, राग मानू नका, पण जरा जास्तच मनाला लावून घेताय. आम्हा पुणेकरांवर अख्खा महाराष्ट्र हसतो. पाट्या, दुपारी एक ते चार, पाहुण्याला 'चहा घेऊन आला असालच'. आम्ही कुणी धागे काढत बसतो का? उलट कॉलर ताठ करतो. चेष्टा ही आपलेपणाचीच खूण असते. तुमच्या आबांनाही कदाचित नातीबरोबर प्रमाण मराठी बोलायची हौस आली असेल.

---

अकोटवाली

@पेठेबाहेरचा, राग नाही. फक्त एक सांगा, तुमच्या पाहण्यातल्या कुठल्या नाटुकल्यात मोलकरीण पेठी मराठी बोलते? तुमच्यावर हसतात ते तुम्ही खडूस शहाणे म्हणून. आमच्यावर हसतात तेव्हा हातात झाडू दिलेला असतो.

---

गोदाकाठ

परभणीचा आहे. आमच्याकडे तेच पाहुणे 'यायलेत'. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा 'काय करायलास' म्हटलं की मित्र विचारायचे, "करायला म्हणजे? कुणाला करायला?" चार वर्षं हा एकच विनोद. त्यामुळे ताई, हे फक्त तुमच्याच वाट्याला नाही.

मला वाटतं आपण १ मे १९६० ला एका घरात आलो, पण आलो तीन घरांतून. तुमचं वऱ्हाड आधी निजामाचं, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात, पुढे मध्य प्रांताला जोडलेलं. पुणे-सातारा मुंबई इलाख्यात. आम्ही थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही तेरा महिने. माझे आजोबा हिशेब मोडीत लिहायचे, अर्ज उर्दूत करायचे आणि भांडायचे मराठीत. एवढं सगळं पोटात घेऊन आलेल्या माणसाची भाषा पुण्याच्या भाषेसारखी कशी असेल? आणि पुस्तकातली मराठी ठरली ती पुण्याच्या अंगाने, कारण छापखाने, शाळाखाती, नियतकालिकं तिथं होती. गुणवत्तेची परीक्षा घेऊन कुणी पहिला नंबर दिलेला नाही.

पण विदर्भवाल्यांवर आमचाही एक राग आहे, सांगून टाकतो. तुम्ही येताना नागपूर करार केलात, दरवर्षी एक अधिवेशन पदरात पाडून घेतलंत. आम्ही बिनशर्त आलो, भोळेपणाने. त्याचं फळ जायकवाडीत बघा. १५ ऑक्टोबरला धरणाचा साठा मोजायचा, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा हिशेब २०१४ मध्ये ठरला. तरी कमी पावसाच्या वर्षी कोर्टकज्जा ठरलेला. ते म्हणतात आमचं पाणी पळवलं, आम्ही म्हणतो आमचं अडवलं. गोदावरी एकच, क्रियापदं दोन.

अवांतर: आद्यकवी मुकुंदराज अंबाजोगाईचे. इथं विदर्भवाले जमलेच आहेत म्हणून आधीच सांगून ठेवतो.

---

बॅकलॉग_भरा

मुकुंदराज वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे. बाकी चालू द्या.

मूळ प्रश्नाचं उत्तर एकच, वेगळा विदर्भ. २८ सप्टेंबर १९५३ चा करार झाला, त्यात नोकऱ्या, शिक्षण, निधी सगळ्याचं आश्वासन. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने तर विदर्भ वेगळं राज्य करा असंच सांगितलं होतं. ऐकलं नाही. नागपूर राजधानी होती, तिची उपराजधानी झाली. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्यातला अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासाची तूट, मोजला, ३,१८६ कोटी, त्यात मोठा वाटा विदर्भाचा. १९९४ मध्ये विकास मंडळं आली, ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदतही संपली. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची २,९२० मेगावॅट वीज राज्यभर जाते, राख मात्र चंद्रपुरातच पडते. आणि वरून आमची पोरं गॅदरिंगमध्ये मोलकरीण!

---

पेठेबाहेरचा

वसंतराव नाईक पुसदचे. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री, सलग अकरा वर्षांवर. त्यांच्या आधीचे कन्नमवारही तुमच्याकडचेच. तेव्हा का नाही भरला अनुशेष?

---

अकोटवाली

म्हटलं होतं ना, होणार म्हणून. हा वाद मी माझ्या घरात लहानपणापासून ऐकलाय. आबा वेगळ्या विदर्भाचे, त्यांचा धाकटा भाऊ अखंड महाराष्ट्राचा, आणि दोघं एकाच ताटात ठेचा-भाकर खात भांडायचे. माझं मत विचाराल तर अनुशेषाचे आकडे खरे आहेत आणि त्यावर भांडायलाच हवं, पण उद्या राज्य वेगळं झालं तरी माझी लेक पुण्यातच शाळेत जाणार. माझा प्रश्न फोनचा आहे.

---

वैनगंगा

मी ब्रह्मपुरीचा, जिल्हा चंद्रपूर. झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. ताई, तुमचं दुःख समजलं, पण एक विचारतो. तुम्ही शिकायला कुठे होता? मी अमरावतीला होतो, होस्टेलवर. माझ्या बोलीत डोळ्याचा 'डोरा' होतो. खोलीतली वऱ्हाडी पोरं, जी स्वतः 'डोया' म्हणायची, ती माझा 'डोरा' ऐकून खाटेवरून खाली पडायची. "अबे, जंगलातून आला काय?" हा रोजचा प्रश्न. पुण्याने तुम्हाला 'तिकडचे' म्हटलं, तुम्ही आम्हाला म्हटलं. आम्ही गडचिरोलीच्या माडिया आदिवासी पोरांना काय म्हणायचो ते इथं लिहीत नाही.

दुसरं. आमच्याकडे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाला (म्हणजे देसाईगंजला) नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, गावोगाव रात्रभर प्रयोग चालतात, पहाटे लोक मंडपातून थेट शेतावर जातात. त्या नाटकांत पण नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात आणि गडी झाडीबोली. आमचं नाटक, आमचेच प्रेक्षक, आमचाच पैसा. तरी हसं आमच्याच बोलीचं. मी लहानपणी पोट धरून हसलोय. तेव्हा हे सगळं पुण्याच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

---

अकोटवाली

@वैनगंगा, तुमचा प्रतिसाद वाचून फोन बाजूला ठेवला होता. मीही अमरावतीलाच शिकले. आमच्या वर्गात देसाईगंजची एक मुलगी होती. तिच्या बोलण्याची नक्कल करण्यात मी पटाईत होते, मैत्रिणी मुद्दाम करायला लावायच्या. ती हसायची. दुसऱ्या वर्षापासून ती वर्गात फारसं बोलायचीच नाही, आणि मला वाटायचं की अभ्यासू झाली. वीस वर्षांत हे एकदाही आठवलं नव्हतं.

---

काजूबोंड

कुडाळ, सिंधुदुर्ग. आमच्याकडे पावणे 'येतत'. 😊

आबांबद्दल नंतर, आधी नाटकाबद्दल. मच्छिंद्र कांबळींची मालवणी नाटकं मुंबईत हाऊसफुल्ल जायची. लोक हसायचेच, गडाबडा लोळायचे. पण तिथे नुसता गडी मालवणी बोलत नव्हता. पौराणिक पात्रं पण मालवणी, गावातला पुढारी पण मालवणी, शिव्या घालणारा आणि खाणारा, दोघांची भाषा एक. माझे वडील दादरला कापडाच्या दुकानात कामाला होते, तिथे ते मालवणी शब्द गिळून टाकायचे. ते नाटक बघून आले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मालकाला म्हणाले, "काय ता सांगा." एवढंच. घरी येऊन आईला तीनदा सांगितलं.

पुढच्या वर्षी गॅदरिंग असेल तेव्हा बाईंना जाऊन सांगा की बाईसाहेबच वऱ्हाडी करा. मोलकरणीला पेठी मराठी द्या. बघा कोण किती हसतं.

आबांचं म्हणाल तर लेकीला भाषण देऊ नका. 'आबांना वाईट वाटलं' असं सांगितलंत तर पोर घाबरून फोनच घेणार नाही. तिला आबांना काहीतरी विचारायला लावा, जे फक्त त्यांनाच माहीत आहे आणि जे तुमच्या प्रमाण मराठीत सांगताच येणार नाही. माणूस रंगात आला की आपल्या भाषेवर येतो. सासऱ्यांना मी मासे पकडायच्या जाळ्यांबद्दल विचारते, मग ते तास दोन तास थांबत नाहीत.

---

पेठेबाहेरचा

झाडूवाली गोष्ट डोक्यातून गेली नाही. माझ्या मुलाच्या शाळेतल्या नाटुकल्याचा व्हिडिओ परत बघितला. वॉचमन कोल्हापुरी, गडी मालवणी, भाजीवाली बहुतेक परभणीची. डॉक्टर आणि न्यायाधीश आमच्यासारखे. लिहितो आणि गप्प बसतो.

---

अकोटवाली

अपडेट देते, काजूबोंडताईंचं ऐकलं.

रविवारी लेकीच्या हातात वही दिली आणि सांगितलं, आबांना विचार की जुन्या काळी घरी रोडगे कसे करायचे. ती भाषा-बिषा विसरली, तिला खाण्याचं पडलेलं असतं. फोन स्पीकरवर होता. आबा आधी शुद्धच सुरू झाले, "कणकेचे गोळे करायचे, मग गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचे…" मग गोवऱ्या कशा रचायच्या तिथे अडखळले. ते सांगताना दोन वेळा "म्हणजे… कसं सांगू" म्हणाले. तिसऱ्यांदा सुटलेच. "पाय बेटा, गवऱ्याईचा असा जगरा करा लागते, त्याच्यात रोडगे पुरून द्या लागते, अन् वरतून राख लोटून द्या लागते." लेक लिहीत होती. मधेच म्हणाली, "आबा, 'जगरा' परत सांगा, स्पेलिंग?" ते म्हणाले, "त्याले कायचं स्पेलिंग?" आणि दोघं हसले. या वेळचं हसू मला नीट ऐकू आलं.

चाळीस मिनिटं झाली. शेवटी मात्र फोन ठेवताना, "बरं, ठेवतो आता बाळ." बाळच. बेटा नाही.

देसाईगंजच्या त्या मैत्रिणीचा नंबर एका ग्रुपवरून मिळालाय. अजून लावलेला नाही.

---

वैनगंगा

लावा ताई. आणि रोडग्यांबरोबर वरण आंबट की गोडं, तेवढं आबांना विचारून सांगा. आमच्या घरी यावर भांडण चालू आहे.