७० एमएमची मॅग्नेटिक प्रिंट हाती आलीय, चालवायची कशी?

रिळांचा_नाद

नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितोय. आमच्या फिल्म ग्रुपकडे एका बंद पडलेल्या थिएटरच्या सामानातून ७० एमएमची अख्खी प्रिंट आलीय, सात डबे, आणि साउंड मॅग्नेटिक आहे, म्हणजे टेपसारखा चुंबकीय पट्ट्यांवर रेकॉर्ड केलेला, दोन्ही कडांना भोकांच्या आत आणि बाहेर त्या तपकिरी पट्ट्या अगदी स्पष्ट दिसतात. प्रोजेक्टर फिलिप्सचा डीपी७० आहे, चित्र झकास येतं, पण त्याच्या डोक्यावरचं मॅग्नेटिक पेंटहाऊस (पट्ट्यांवरचा आवाज वाचणाऱ्या हेडची पेटी) आम्ही कधी वापरलंच नाही कारण आजवर जे ७० चालवलं ते सगळं डीटीएसचं होतं, म्हणजे आवाज वेगळ्या सीडीवर. लीडर (रिळाच्या सुरुवातीचा माहितीचा तुकडा) अर्धा फाटलाय, त्यावर फक्त सिक्स ट्रॅक एवढंच वाचता येतं, डॉल्बी आहे की नाही कळत नाही. पडद्यामागे आमचे स्पीकर तीनच, डावा मधला उजवा, मग सहा ट्रॅक बसवायचे कुठे? आणि दोन डबे उघडले की व्हिनेगरचा वास येतो. शनिवारी पहिलं रीळ लावून बघावं असा विचार आहे, कोणी आधी केलं असेल तर सांगा प्लीज.

गेट_आणि_लूप

शनिवारी लावू नका. खरंच सांगतो, हात जोडून.

मी हीच चूक होताना डोळ्यांनी पाहिलीय. एका ठिकाणी असंच वर्षानुवर्षं न वापरलेलं पेंटहाऊस होतं, कोणीतरी घाईत प्रिंट ओवली, दहा मिनिटांनी खाली बघतो तर रोलरखाली तपकिरी भुकटीची बारीक रेघ साचलेली. ती भुकटी म्हणजेच साउंड हो. हेडच्या कडेला जुनं ऑक्साइड दगडासारखं चिकटलं होतं आणि त्यानं पट्टी खरवडून काढली. ऑप्टिकल ट्रॅकवर (फिल्मवर छापलेला, प्रकाशानं वाचला जाणारा आवाज) ओरखडा आला तर खरखर वाढते पण मागे काहीतरी ऐकू येतं, इथे पट्टी गेली की त्या जागचा आवाज कायमचा गेला, आणि त्या काळच्या प्रिंटला दुसरी प्रत मिळणं किती अवघड ते तुम्हाला मी सांगायला नको.

आधी पेंटहाऊस उघडा, टॉर्च आडवी धरून हेड बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं पुसा, काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत, ॲसिटोन अजिबात नको, हेडचं भरण विरघळू शकतं आणि ते फिल्मलाही लागलं तर तिचा प्लास्टिकचा पाया (बेस) वितळतो. मग हेडच्या तोंडावर मार्करनं शाई लावा आणि पट्टीवाल्या भंगार फिल्मचा एक तुकडा हातानं ओढून बघा. शाई सहाही जागी सारखी पुसली गेली तर फिल्म नीट टेकतेय, एखाद्या ट्रॅकवर अर्धीच पुसली तर हेड तिरकं आहे नाहीतर झिजून त्यात खाच पडलीय. अशा हेडवर वरची फ्रिक्वेन्सी येतच नाही, आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो आणि लोक उगाच प्रिंटला नावं ठेवतात.

त्यानंतर डीमॅग्नेटाइज, हे तर विसरूच नका. हेड आणि लोखंडी रोलर यांच्यात हळूहळू चुंबकत्व साठत जातं, ते प्रत्येक शोला ट्रॅकची वरची फ्रिक्वेन्सी थोडी थोडी पुसतं आणि वर हिस चढवतं. ॲम्प्लिफायर बंद ठेवायचा, डीमॅग्नेटायझर लांबवर चालू करायचा, हळू जवळ आणायचा, हेडवरून फिरवायचा, तितक्याच हळू हातभर लांब न्यायचा आणि मगच बंद करायचा. जवळ असताना बटण बंद केलं तर उलट जास्त चुंबकत्व भरून बसतं. हे चालू असताना प्रिंटचे डबे दुसऱ्या खोलीत. कात्री आणि स्प्लायसरही तपासा, त्यांत चुंबकत्व असेल तर प्रत्येक जोडावर टक् असा आवाज येतो.

सिंकचं एक लक्षात ठेवा. मॅग्नेटिक हेड गेटच्या (जिथे फ्रेमवर प्रकाश पडतो) वर असतं, फिल्म आधी हेडवरून जाते मग गेटमध्ये येते, म्हणून ७० च्या प्रिंटवर आवाज चित्राच्या २४ फ्रेम मागे रेकॉर्ड केलेला असतो, ३५ च्या ऑप्टिकलच्या बरोबर उलट, तिथे तो चित्राच्या पुढे असतो. २४ फ्रेम म्हणजे नेमका एक सेकंद, लांबीत साधारण ५७ सेंटिमीटर. ओवताना गेटपासून हेडपर्यंत फ्रेम मोजा, एकदा तरी मोजाच. आणि डीटीएसची प्रिंट असेल तेव्हा पेंटहाऊस टाळून फिल्म बाहेरून न्या, हेड फुकट कशाला झिजवायचं.

पाच_पडद्यामागे

ट्रॅकचं मी सांगते. १९५५ साली टॉड-एओ (७० एमएमची एक पद्धत) आलं तेव्हाची मांडणी अशी की पाच चॅनेल पडद्यामागे (डावा, मधला-डावा, मधला, मधला-उजवा, उजवा) आणि सहावा हॉलमध्ये सराउंडसाठी. बाहेरच्या दोन पट्ट्यांवर प्रत्येकी दोन ट्रॅक, आतल्या दोनवर एकेक. त्या काळच्या मिक्समध्ये माणूस पडद्यावर चालत गेला की त्याचा आवाज त्याच्याबरोबर स्पीकरवरून स्पीकरवर चालत जायचा. मला हे फार आवडतं, आता संवाद सगळे मधूनच येतात.

सत्तरच्या दशकात डॉल्बी आलं आणि दोन आणि चार नंबरचे ट्रॅक वेगळ्या कामाला लागले. १९७७ पासून त्यांवर फक्त खालचा बेस, साधारण २०० हर्ट्झच्या खालचा, ज्याला बेबी बूम म्हणतात. मग १९७९ च्या सुमारास त्याच ट्रॅकच्या वरच्या भागात डावं-उजवं सराउंड भरायला लागले, तेच स्प्लिट सराउंड. म्हणजे ट्रॅक तेच सहा, पट्ट्या त्याच चार, पण अर्थ तीन वेगवेगळे. चुकीचं सेटिंग लावलं तर मशीन काही तक्रार करत नाही, आवाज येत राहतो, फक्त त्यातलं काहीतरी गायब असतं. समजा प्रिंट जुन्या पाच-चॅनेलची आहे आणि तुम्ही बेबी बूम लावलं, तर दोन आणि चारवरचं २०० हर्ट्झच्या वरचं सगळं फिल्टर खाऊन टाकतो, मग पात्र मध्यावरून डावीकडे निघालं की मधेच त्याचा आवाज नाहीसा होतो आणि दुसऱ्या टोकाला परत उगवतो.

तेव्हा लीडर फाटला तरी बिघडत नाही, ट्रॅक दोन एकटा लावून ऐका. बोलणं, संगीत नीट ऐकू आलं तर पाच-चॅनेल. नुसता गडगडाट असेल तर बेबी बूम. गडगडाट आणि वर गर्दीचा, पावसाचा आवाज असेल तर स्प्लिट सराउंड. नॉइज रिडक्शन (हिस कमी करणारं डॉल्बीचं एन्कोडिंग) आहे का तेही कानानं कळतं, डॉल्बी ए टाइपची प्रिंट डीकोड न करता लावली की हळू जागी हिस उसळते आणि स स श श टोचतात.

तीन स्पीकरचं सोपं आहे, पाच-चॅनेल निघाली तर मधला-डावा ट्रॅक डाव्या आणि मधल्या स्पीकरला सारखा वाटायचा, दोन्हीकडे ३ डेसिबल कमी करून, उजवीकडे तसंच.

फॉक्सहोल

थोडं विषय सोडून, पण कोणाकडे ३५ ची फोर ट्रॅक मॅग्नेटिक असेल तर वरचं जसंच्या तसं लावू नका. १९५३ च्या सिनेमास्कोपच्या त्या प्रिंटची भोकं पट्ट्यांना जागा करायला मुद्दाम लहान केलेली असतात, साध्या स्प्रॉकेटचे दात ती फाडतात. आवाज तिथे २८ फ्रेम मागे.

डबे_उघडणारी

व्हिनेगरचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, माझ्या मते पहिला मुद्दा तोच आहे. ॲसिटेटचा बेस सडायला लागला की ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड सडणं आणखी वाढवतं. मॅग्नेटिक पट्टीतलं आयर्न ऑक्साइड त्याला मदतच करतं, म्हणून पट्टीवाल्या प्रिंट साध्या प्रिंटच्या आधी जातात. ते दोन डबे आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा, घट्ट बंद करून नाही, हवा लागेल असे, थंड आणि कोरड्या जागी. ए-डी स्ट्रिप (ॲसिड ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या) मिळाल्या तर प्रत्येक डब्यात एक टाका, निळी पट्टी हिरवी आणि मग पिवळी होत जाते, किती बिघडलंय ते नाकापेक्षा खात्रीनं कळतं.

मग आकसलीय किती ते मोजा. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत ४.७५ मिलिमीटर, म्हणजे १०० भोकांचे ४७५ व्हायला हवेत. ४७१ च्या खाली आलं म्हणजे जवळपास १ टक्का गेलं, ते रीळ प्रोजेक्टरवर चढवायचं नाही. मोजपट्टी लाकडी घ्या, स्टीलची नको, चुंबकत्वाचं वर आलंच आहे.

आणि माझं म्हणणं, पहिल्यांदा चालवाल तेच कॅप्चर समजून चालवा. प्रीॲम्पमधून सहाही ट्रॅक वेगवेगळे, कुठलंही डीकोडिंग न करता, २४ बिट ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करून ठेवा. डीकोड नंतर कधीही करता येईल, चुकलं तर परत करता येईल, पण ती पट्टी दर वेळी आज आहे तेवढीच चांगली वाजेल याची खात्री नाही. लोक चित्र स्कॅन करतात आणि आवाज कुठूनतरी दुसरीकडून लावतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं, ते सहा चॅनेलचं मिक्स कित्येकदा फक्त याच पट्ट्यांवर शिल्लक असतं.

रिळांचा_नाद

शनिवार रद्द केला, सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या काडीला जे निघालं ते बघून घाम फुटला, चौदा काड्या लागल्या. शाईची टेस्ट केली, पाच ट्रॅक नीट, सहावा अर्धाच पुसला गेला, म्हणजे सराउंडचं बघावं लागणार. वासाच्या डब्यांपैकी एक ४७३ भरलं, दुसरं ४७० च्याही खाली, ते बाजूला काढून ठेवलंय.

हेड डीमॅग्नेटाइज करून काल चौथ्या रिळातला, म्हणजे बऱ्या रिळातला, मिनिटभराचा तुकडा रेकॉर्डर लावूनच चालवला आणि ट्रॅक दोन एकटा ऐकला. एक बाई बोलत होती, अगदी स्वच्छ, आणि वाक्य संपता संपता आवाज बारीक होत गेला. ट्रॅक तीन उघडला तर वाक्याचा उरलेला भाग तिथे होता.

@गेट_आणि_लूप, सहावं हेड नुसतं तिरकं आहे की झिजलंय हे खोलल्याशिवाय कळेल का?

गेट_आणि_लूप

कळेल. नखाचं टोक हेडच्या तोंडावरून हलकेच आडवं फिरवा, कड लागली तर झिजलंय, गुळगुळीत गेलं तर तिरकं आहे. तिरकं असलं तरी स्क्रूला लगेच हात लावू नका, आधीच्या जागेची खूण करा आणि फोटो काढून इथे टाका.