शनिवार-रविवारचा 'शोले' : आधी आवाज, मग पडदा

सचिव (ए-१०२): या शनिवारी गच्चीवर 'शोले' दाखवायचा विचार आहे. कोणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा.

सी-५०३: हरकत नाही, शंका आहे. १९७५ मध्ये बऱ्याच समीक्षकांनी याला झोडपलं होतं. 'इंडिया टुडे'ने तर विझलेला निखारा ठरवलं. 'फिल्मफेअर'चा आक्षेप असा, की पाश्चात्त्य काउबॉयपटाचं कलम इथल्या मातीत रुजलेलं नाही. मुलांना केवळ गाजलेला म्हणून दाखवायचा का?

बी-२०१: ताई, कलमाचा मुद्दा अगदीच खोटा नाही. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येवर काउबॉयपट काढणाऱ्या इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीची छाप स्पष्ट दिसते. गाव वाचवायला पैसे देऊन लढवय्ये आणायची कल्पना जपानी दिग्दर्शक कुरोसावाकडून आलेली. पण त्या वेळी गोष्ट कुठून उचलली यावरच सगळी शाई खर्च झाली, प्रसंग कसे जोडलेत तिकडे फारसं कोणी पाहिलं नाही. तोच हत्येचा प्रसंग घ्या. गोळी लागून एकेक माणूस पडतो तसं चित्र गोठतं. मग फक्त झोपाळ्याची करकर. शेवटी पोरगा उरतो आणि त्याच्यावरची गोळी आपल्याला दिसतच नाही, थेट रेल्वेच्या दृश्यावर उडी. पुढे गब्बर ठाकूरवर तलवारी उगारतो आणि त्याच क्षणी वर्तमानातल्या ठाकूरची शाल खांद्यावरून गळून पडते, रिकाम्या बाह्या दिसतात. हात तुटताना एकदाही दाखवलेले नाहीत, तरी पाहणारा शहारतो. हे काम संकलक एम. एस. शिंदे यांचं. फिल्मफेअरची नऊ नामांकनं होती, पारितोषिक एकच मिळालं, ते संकलनाचं.

ए-६०४: आणि गाव उभारलं कला दिग्दर्शक राम येडेकरांनी, बंगळुरूजवळ रामनगरच्या खडकांत. रेल्वेवरच्या हल्ल्याचं चित्रीकरण मात्र आपल्या पनवेलजवळ झालं, सात आठवडे चाललं होतं.

सी-५०३: आणि शेवट? ठाकूर इतका सूड धरून बसतो आणि ऐन वेळी पोलीस येतात. तो ढिला वाटतो, हे तर खरं ना?

बी-२०१: खरं आहे, पण त्यात लेखकांचा दोष नाही. मूळ शेवटात ठाकूरच गब्बरला मारतो. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली होती. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना, म्हणून शेवट नव्याने चित्रित करावा लागला. २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात जी दुरुस्त केलेली प्रत दाखवली, तिच्यात मूळ शेवट परत आलाय. शक्य असेल तर तीच मिळवा. जेलर आणि सूरमा भोपालीचे प्रसंग लांबलेत, ही टीका मला आजही पटते. तेवढी वीसेक मिनिटं धीर धरावा लागेल.

सचिव (ए-१०२): मग हक्कधारकांना पत्र लिहितो. कोणाच्या तरी ओटीटी खात्यावरून लावता येणार नाही, ते घरगुती वापरापुरतंच असतं. गच्चीवर किती वाजता सुरू करू?

डी-३०४: गच्ची नकोच, सचिवसाहेब. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. सिनेमा तीन तासांच्या बराच वर जातो, त्यात मध्यंतर. अंधार पडल्यावर सुरू केला तर ऐन शेवटी आवाज बंद करावा लागेल. खालचा हॉल घ्या आणि मध्यंतराच्या पाटीवर थांबून दोन संध्याकाळी दाखवा, शनिवारी आणि रविवारी.

दुसरं, पैसे पडद्यापेक्षा आवाजावर घाला. गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा चेहऱ्याआधी दगडावर घासणारा पट्टा ऐकू येतो. गब्बरने मारलेल्या इमामच्या मुलाचं प्रेत घोडा घेऊन येतो, तिथली शांतता हाच प्रसंग आहे. लहान डबा-स्पीकरवर हे दोन्ही वाया जातं. बारा इंची दोन पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर भाड्याने आणा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर. लॅपटॉपपासून तारच जोडा. ब्लूटूथने आवाज मागे पडतो आणि ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे होतात. प्रतीत सहा वाहिन्यांचा आवाज असेल तर प्लेअरमध्ये आधी 'स्टिरिओ' निवडा. नाहीतर संवाद असलेली मधली वाहिनी हरवते, संगीत दणदणतं आणि बोलणं पुटपुटल्यासारखं येतं. गुणगुण आली तर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्या.

ए-६०४: हॉलच्या फरशीमुळे आवाज घुमतो. सतरंज्या अंथरा, खिडक्यांना जाड पडदे लावा. शब्द स्वच्छ होतात.

डी-३०४: बरोबर. आता चित्र. सिनेमा ३५ मिमीवर टिपून ७० मिमीवर मोठा केलेला, चौकट २.२० : १. दहा फूट रुंदीच्या पडद्यावर चित्राची उंची साडेचार फूट भरेल. १६ : ९ च्या चौकटीत वर आणि खाली सुमारे साडेसहा इंच काळी पट्टी राहील. ती पट्टी राहू द्या. 'झूम' किंवा 'स्ट्रेच' लावलं की कडेची माणसं कापली जातात नाहीतर चेहरे लांबुळके होतात. 'मोशन स्मूदिंग' (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. प्रोजेक्टर पडद्यापासून साधारण पंधरा फुटांवर, पण लेन्स बघून नक्की करा. जाहिरातीतल्या लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या, आकड्यावर जाऊ नका, 'अन्सी लुमेन' (ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेला आकडा) विचारा. तीन हजार पुरेत, फक्त हॉल पूर्ण काळोखा हवा. जय माउथ ऑर्गन वाजवतो आणि राधा दिवे मालवते, तो प्रसंग संधिप्रकाशात घ्यायला छायाचित्रणकार द्वारका दिवेचांना वीसेक दिवस लागले होते. दाराच्या फटीतून ट्यूबलाइटचा उजेड आला तर तिथे काळं करडं होऊन जाईल.

सी-५०३: पटलं. पोरांना सुरुवातीला इतकंच सांगते, की शाल पडते तिकडे लक्ष ठेवा.

बी-२०१: आणि गब्बर येताना बोलू नका, हेही सांगा.

सचिव (ए-१०२): ठीक. शुक्रवारी रात्री साडेआठला हॉलमध्ये चाचणी. डी-३०४, तार आणि बोर्ड तुम्ही पाहा. पट्ट्याचा आवाज शेवटच्या रांगेत येतोय का, ते तिथे बसून मी बघतो.