सोपा, पडवी आणि वहिवाट: जुन्या वाटणीपत्रातले शब्द

राजापूरवाली: मंडळी, आमच्या मूळ घराचं मोडीतलं वाटणीपत्र वाचून घेतलं, त्यात "पश्चिमेकडील सोपा व पडवी थोरल्याकडे, माजघर निमे निमे, चौक सामाईक, विहिरीची वहिवाट सर्वांस" असं आहे. सोपा आणि पडवी एकच ना? आणि वहिवाट म्हणजे मालकीच का? घर मूळचं खोतांचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं, पणजोबांनी विकत घेतलं, तरी गावात आजही "खोताचं घर"च म्हणतात.

जांभा-चिरा: ताई, एक नाहीत, आणि वाटणीत हा फरक फार महत्त्वाचा. चौकाच्या, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या जागेच्या, भोवती मुख्य छपराखालचा जो भाग तो सोपा, चारी बाजूंनी असला की घर चौसोपी. पडवी मुख्य भिंतीच्या बाहेर असते. आत उभं राहून वर बघा, आढ्यावरून निघालेले वासे भिंतीवर टेकतात तिथे मूळ घर संपतं, आणि पावसाचा मारा जांभ्याच्या भिंतीवर बसू नये म्हणून छप्पर आणखी खाली उतरवलेलं असतं, त्याच्याखालची ती पडवी. आता सगळे सोप्याला हॉल आणि पडवीला गॅलरी म्हणतात, मग कागदातली हद्द कुणालाच कळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कुडाळकर: आमच्याकडे पुढच्या बाजूला लोटा म्हणतात आणि अंगणाला खळं. कागदात खळं दिसलं तर धान्य मळायची जागाच असेल असं धरू नका.

जांभा-चिरा: बरोबर. आता वहिवाट. वहिवाट म्हणजे वापर, रुळलेला वापर, मालकी नाही. रत्नागिरीचा थिबा राजवाडाच घ्या, इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी बांधला, 1910 पासून 1916 ला वारेपर्यंत राजा तिथे राहिला, पण मालक सरकारच, नंतर तिथे ऑफिसं आली, पॉलिटेक्निक आलं, आता म्युझियम आहे. आणि नाव मात्र अजून थिबाचंच! तुमच्या खोताच्या घराचं तसंच आहे.

राजापूरवाली: मग खोतांनी एवढं घर विकलं का असेल?

जांभा-चिरा: तुमच्या घराचं तुमच्या खरेदीखताचं साल बघून कळेल. पण 1949 च्या कायद्याने खोती गेली, कुळकायद्यात 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन धरून कसणारी कुळं जमिनीची मालक झाली, आणि ते व्हायलाच हवं होतं, पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांची जमीन होती ती. खोतांकडे घर उरलं पण ते राखायला लागणारं उत्पन्न गेलं. नळीच्या कौलांची शाकारणी, म्हणजे कौलं पुन्हा नीट लावणं, दरवर्षी पावसाआधी करावीच लागते, माकडं उड्या मारून कौलं सरकवतात, एक वर्ष चुकलं की पाणी वाशात मुरतं आणि वाळवी लागते. मंगलोरी कौलं त्यामानाने कमी कटकटीची, म्हणून कितीतरी घरांवर मागाहून ती चढली.

कुडाळकर: ताई, ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला कुणाचं नाव आहे त्यावर विसंबू नका हं, ती घरपट्टीची नोंद असते, मालकीचा पुरावा नव्हे. वाटणीपत्र रजिस्टर असेल तर निबंधकाकडून नक्कल काढा आणि चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, ताडून बघा. "सामाईक" लिहिलेल्या चौकात कुणालाही एकट्याला पत्रे घालता येणार नाहीत, सगळ्या हिस्सेदारांची संमती लागेल.

राजापूरवाली: पत्र्यांवरूनच तर भांडण चाललंय! सोमवारी जाते नक्कल काढायला.