कॉलवरचं बोलीतलं इंग्रजी कळत नाही, सुरुवात कुठून करू?

ऐरोली_सेकंडशिफ्ट
नमस्कार मंडळी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता ऐरोलीला बॅक ऑफिसमध्ये आहे. ईमेल वाचता-लिहिताना अडत नाही. पण कॉलवर अमेरिकन आणि ब्रिटिश क्लायंट आपसांत बोलायला लागले की निम्मं डोक्यावरून जातं. शब्द ओळखीचे असतात, तरी अर्थ लागत नाही. वाक्प्रचारांची मोठी पीडीएफ मिळाली आहे, ती पाठ करू का? ठाण्याहून गाडीत बसले की ऐरोलीपर्यंत थोडा वेळ मिळतो, शिवाय घरी अर्धा तास. क्लास लावायचा नाहीये.

घंटाळी_रोड
पीडीएफ राहू द्या. तसल्या याद्यांमध्ये मांजरं-कुत्री पावसासारखी पडत असतात, ऑफिसात तसं कोणी बोलत नाही. खरी अडचण साध्या क्रियापदांना चिकटणाऱ्या छोट्या शब्दांची असते: बॅक, अप, ऑफ, आउट.

‘पुश’च घ्या. ‘लेट्स पुश द मीटिंग बॅक’ म्हणजे मीटिंग पुढे ढकलू. ‘द क्लायंट पुश्ड बॅक’ म्हणजे क्लायंटने हरकत घेतली, तारखेचा काही संबंध नाही. आता ‘ब्रिंग इट फॉरवर्ड’ ऐकलं की आपल्या मनात ‘पुढे’ येतं आणि आपण नंतरची तारीख टाकतो. इंग्रजीत अर्थ बरोबर उलटा: अलीकडे घ्या, लवकर करा. ‘मूव्ह इट अप’ही तसंच, लवकर. इथे मराठी माणूस हमखास फसतो, म्हणून तारीख बदलल्याचं कानावर आलं की ‘सो, ट्यूजडे इन्स्टेड ऑफ थर्सडे?’ असं वारासकट विचारून घ्या.

वहीत सुटा शब्द आणि त्यापुढे अर्थ असं लिहू नका. ऐकलेलं पूर्ण वाक्य, कोण कोणाला म्हणालं आणि त्यावर समोरच्याने काय केलं, एवढं लिहा. चहा घेणार का विचारल्यावर कोणी ‘आय अ‍ॅम गुड’ म्हणालं आणि कप घेतला नाही, तर अर्थ त्या न घेतलेल्या कपात आहे: ‘नको’. दिवसाला तीन वाक्यं पुरेत. जास्त लिहिली की परत वाचली जात नाहीत.

कोपरखैरणे_कान
वरचं पटलं, पण माझ्या मते आधी कान तयार करा. ताई, तुम्हाला माहीत असलेलेच शब्द बोलताना आकसतात, म्हणून ओळखू येत नाहीत. ‘डिड यू’चं ‘डिज्यू’ होतं, ‘गोइंग टू’चं ‘गना’, अमेरिकनांच्या तोंडी ‘ट्वेंटी’चं ‘ट्वेनी’.

सगळ्यांत महागात पडणारी जोडी ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’. ‘आय कॅन सेंड इट’ म्हणताना ‘कॅन’वर जोर नसतो, तो जेमतेम ‘क्न’ एवढाच उरतो. ‘कॅन्ट’मध्ये स्वर पूर्ण आणि जोरात येतो, शेवटचा ‘ट’ मात्र बहुतेक वेळा गिळला जातो. तेव्हा ‘ट’ शोधू नका, जोर ऐका. उलट बाजूनेही हेच घडतं: आपण ‘आय कॅन डू इट’मधला ‘कॅन’ ठसठशीत म्हटला की अमेरिकन माणसाला नकार ऐकू येतो. ब्रिटिशांचा ‘कान्ट’ स्वरामुळे लगेच ओळखता येतो.

आकड्यांचंही तेच. १३ मध्ये जोर शेवटी, ‘टीन’वर, आणि ‘ट’ स्पष्ट. ३० मध्ये जोर सुरुवातीला, आणि अमेरिकन तोंडी ते ‘थर्डी’ होतं.

सराव असा करा: ३०-४० सेकंदांचा तुकडा घ्या, ज्याची माणसाने लिहिलेली संहिता मिळते असा. यूट्यूबच्या आपोआप येणाऱ्या सबटायटल्समध्ये नेमके आकसलेले शब्दच चुकतात. मजकूर न बघता दोनदा ऐका, ऐकू आलं ते लिहा, मग ताडून बघा. कुठला शब्द निसटला ते सापडलं की वेग ०.७५ करून तेवढंच वाक्य ऐका, शेवटी मूळ वेगात त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणा. मोठ्याने म्हणणं गाडीत जमणार नाही, ते घरच्या अर्ध्या तासात. यूग्लिश या साइटवर वाक्प्रचार टाकला की तो जिथे बोलला गेला आहे नेमके तेच व्हिडिओ लागतात, अमेरिकन आणि ब्रिटिश वेगवेगळे निवडता येतात. गाडीत ते बघा.

वाशी_सेक्टर१७
क्लायंट कुठला आहे ते वहीत जरूर लिहा. ब्रिटिश माणूस ‘टेबल इट’ म्हणाला तर विषय चर्चेला घ्या, अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवा. ब्रिटिशांचं ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच, साडेचार नव्हे. अमेरिकनांचं ‘क्वार्टर ऑफ थ्री’ म्हणजे पावणेतीन. ‘क्वाइट गुड’ अमेरिकनाकडून आलं तर खूश व्हा. ब्रिटिशाकडून आलं तर ‘ठीकच’ असू शकतं, काय सुधारायचं ते विचारा.

ऐरोली_सेकंडशिफ्ट
खूप आभार, फॉरवर्डचा घोळ आत्ता उलगडला! पण ऐन कॉलवर कळलं नाही तर? सारखं ‘पार्डन’ म्हणणं बरं दिसत नाही.

घंटाळी_रोड
‘पार्डन’ म्हटलं की समोरचा तेच वाक्य तेवढ्याच वेगात पुन्हा म्हणतो. जेवढं कळलं तेवढं आपण म्हणा आणि फक्त तुटलेली जागा विचारा: ‘यू वॉन्ट द रिपोर्ट बाय व्हेन?’ आकडा असेल तर ‘फिफ्टीन, वन फाइव्ह?’ असे अंक सुटे म्हणा. कॉल संपल्यावर ठरलेल्या तारखा आणि आकडे दोन ओळींत ईमेलने पाठवा. त्या ईमेलमध्ये ‘प्रीपोन’ आणि ‘रिव्हर्ट’ टाळा. ‘प्रीपोन’ आपल्याकडचा शब्द आहे, बाहेर अनेकांना माहीत नसतो, आणि ‘रिव्हर्ट’चा अर्थ ते पूर्वीच्या स्थितीला नेणं असा घेतात. फाइल तपासून उत्तर हवं असताना कोणी बदलच मागे घेईल. साधं ‘रिप्लाय’ लिहा.