रोज संध्याकाळी सातला उठणारा वास: ईटीपीच्या टाकीचं काय करू?

प्लांटवाला_वाशिम

नमस्कार मंडळी. सोयाबीन तेलाच्या रिफायनरीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटचा ऑपरेटर आहे, बी.एस्सी. केमिस्ट्री, सहा वर्षं झाली. प्लांट गावाच्या शिवेवर आणि माझं घर त्याच गावात, टाक्यांपासून चारशे मीटर पूर्वेला. म्हणजे दिवसभर ज्या पाण्याशी झोंबतो त्याचाच वास रात्री अंगणात बाजेवर पडून घेतो.

वास सडक्या अंड्याचा. दिवसा थोडाफार असतो, त्याचं कोणाला काही नाही. पण साडेसहा-सातला असा उठतो की लोक ताटं उचलून घरात जातात आणि दारं लावून घेतात. पारा ४५ ला टेकलेला असताना दारं लावून बसणं म्हणजे काय, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. मागच्या आठवड्यात चुलतबहिणीची हळद होती. पाहुणे नाकाला रुमाल लावून मांडवात, आणि मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "भाचे, तुहा कारखाना लय घाण मारते." कारखाना माझा नाही हो मामा, म्हणालो. पण टाकी तर माझीच आहे ना.

आईची जोडवी काळी पडली. राखेनं घासली, आठ दिवसांत पुन्हा काळी. टाकीजवळच्या पॅनलमधल्या तांब्याच्या पट्ट्यांचंही तेच. त्यामुळे हा हायड्रोजन सल्फाईड आहे याबद्दल मला शंका नाही.

पाणी रोजचं साधारण दीडशे घनमीटर. आधी ऑइल-ग्रीस ट्रॅप, मग इक्वलायझेशन टाकी (दिवसभराचं वेगवेगळं पाणी एकत्र मिसळायची), मग चुना-तुरटीचा डोस आणि प्रायमरी क्लॅरिफायर (गाळ बसवायची टाकी), पुढे एरेशन (हवा देऊन जिवाणूंकडून सफाई), सेकंडरी क्लॅरिफायर, शेवटी गाळ वाळवायचे स्लज बेड. एरेशनचा डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, २ च्या आसपास राहतो, तिथं ओल्या मातीसारखा वास येतो, तक्रार नाही. जे काही आहे ते इक्वलायझेशनलाच. त्या टाकीत तळातून हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर आहेत, पण वीजबिलापायी त्यांना हवा देणारा ब्लोअर रात्री अकरा ते सकाळी सहा बंद ठेवायचा हुकूम आहे.

मॅनेजरसाहेबांनी कंपाउंडवर सुगंधी औषधाचे फवारे बसवले. लिंबाच्या वासाचे. आता गावात लिंबू आणि सडकं अंडं दोन्ही मिळून येतं. ग्रामपंचायतीत अर्ज पडला आहे, उद्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही जाईल. कुठून सुरुवात करू?

संत्रेवाला_मोर्शी

भाऊ, थे लिंबाचं औषध पहिले बंद करा. आमच्या इकडं एका दुधाच्या प्लांटवाल्यानं मोगरा मारला होता. म्हातारे म्हणे, मोगऱ्यात कोणतं जनावर मेलं बाप्पा? लोकायले वास एकवेळ सहन होते, पण आपल्याले येडं समजून राहिले हे सहन नाई होत.

मी काई ईटीपीवाला नाई, शेतकरी हाय. आमच्या शेणखताच्या खड्ड्याले वास सुटला का आम्ही त्याले उलथून हवा देतो. तुमच्या टाकीले रात्रभर हवाच नाई, मंग दुसरं काय होईन?

जुनी_केमिस्ट_अकोला

मोर्शीच्या भाऊंनी अर्धं उत्तर देऊन टाकलं. उरलेलं अर्धं तुमच्याच मथळ्यात आहे: सातलाच का?

तेलाच्या रिफायनरीच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काढली, म्हणून विचारते. तुमच्या पोस्टमध्ये सोपस्टॉकचं, म्हणजे तेल शुद्ध करताना निघणाऱ्या साबणासारख्या गाळाचं, नावच नाही. तो बाहेर विकता, की तिथंच सल्फ्युरिक ॲसिड टाकून फोडता आणि ॲसिड ऑइल काढता? फोडत असाल तर खालचं ॲसिडचं पाणी कोण, किती वाजता सोडतो ते बघा. ऑपरेटरला विचारू नका, स्वतः उभे राहून बघा.

सल्फेट तुमच्या पाण्यात त्या ॲसिडमधूनच येतं. त्याला स्वतःला वास नाही. पण पाण्यातला ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटकडे वळतात, तेही नसलं की सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि मागे सल्फाईड सोडतात. हिशोब असा की ९६ ग्रॅम सल्फेटमागे ३२ ग्रॅम गंधक. लिटरला १५०० मिलिग्रॅम सल्फेट असेल तर त्यातून ५०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाईड होऊ शकतं. कोमट पाणी, वर तेलाची साय, सात तास हवा बंद. त्या जिवाणूंना आणखी काय पाहिजे?

आता सातचं कोडं. सल्फाईड पाण्यात नुसतं विरघळून बसलं असेल तर गाव शांत जेवतं. ते उडून जाणार की पाण्यातच राहणार, हे पीएच ठरवतो; तो जितका कमी तितकं पाणी आम्ल. ८ ला त्यातला साधारण दहावा भाग वायूच्या रूपात असतो, ७ ला निम्मा, ६ ला दहातले नऊ. म्हणजे रात्रभर सल्फाईड साठलेल्या टाकीत संध्याकाळी कोणी ॲसिडचं पाणी ओतलं तर ती टाकी नव्हे, सोड्याची बाटली झाली. वरून डिफ्यूझरची हवा ती बाटली हलवत राहते.

चार दिवस दर तासाला इक्वलायझेशनचा पीएच लिहा. लेड ॲसिटेटमध्ये बुडवलेला गाळणकागद टाकीच्या काठावर धरा, किती वेळात काळा होतो तेही लिहा. फार शास्त्रीय नाही, पण मॅनेजरला दाखवायला काळ्या कागदासारखं काही नाही. आणखी एक, पाण्यातलं ॲसिड न्यूट्रल चुन्यानं करता की कॉस्टिक सोड्यानं, आणि कुठे?

प्लांटवाला_वाशिम

ताई, चार दिवस म्हणालात, मला दोनच लागले.

सोपस्टॉक आम्हीच फोडतो. सकाळच्या पाळीत ॲसिड टाकून उकळतात, दिवसभर थर बसू देतात, आणि दुसऱ्या पाळीचा माणूस सव्वासहाला खालचा व्हॉल्व्ह उघडतो. त्याला चहाला जायचं असतं म्हणून पूर्ण उघडतो. वीस मिनिटांत दहा घनमीटर, पीएच दोनच्या आत. सहा वर्षांत ही वेळ मी एकदाही लिहून ठेवली नव्हती, कारण तो डिपार्टमेंट माझा नाही. सहाला इक्वलायझेशनचा पीएच ७.२ होता, सातला ५.१. दुपारी कागद तपकिरी व्हायला मिनिट लागायचं, सातला तीन म्हणेपर्यंत काळा. त्यात आमच्याकडे दिवेलागणीला वारा पडतो, त्यामुळे सगळं गावावर बसून राहतं.

सकाळी सहाला ब्लोअर सुरू केला की तेव्हाही एक भपका येतो, पण वाऱ्यावर निघून जातो.

न्यूट्रल चुन्यानं करतो, पण इक्वलायझेशनच्या पुढे. म्हणजे बैल आधी सोडायचा आणि मग गोठ्याचं दार लावायचं.

साहेब म्हणतात टाकीत हायड्रोजन पेरॉक्साईड टाकू. शिवाय टाकी रिकामी करून दोन माणसं खाली उतरवू आणि तळाचा गाळ काढू. करू का?

फिटर_बुटीबोरी

पेरॉक्साईडचं ताई सांगतील. माणसं उतरवायचं आत्ताच्या आत्ता थांबवा. हात जोडून सांगतो.

टाकी रिकामी दिसते, पण वायू हवेपेक्षा जड आहे, तळाशीच बसतो. गाळात फावडं मारलं की आतला सुटतो. १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाकच मरतं, वास येईनासा होतो, आणि माणूस म्हणतो गेला वाटतं वायू. सातशे-हजारला दुसरा श्वास घ्यायची सवड मिळत नाही. आधी एक पडतो, मग त्याला काढायला दुसरा उडी मारतो. मी एका ठिकाणी हे पाहिलं आहे. दुसरा त्याचा साडू होता.

गाळ बाहेरूनच, स्लज पंपानं किंवा सक्शन टँकरनं काढा. उतरल्याशिवाय होतच नसेल तर चार वायूंचा मीटर, आधीपासून चालू असलेला हवेचा ब्लोअर, हार्नेस, तिवई आणि वर फक्त त्याच कामाला उभा माणूस. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाहीच. तोंडाला बांधलेल्या रुमालानं फक्त बाहेरच्याला बरं वाटतं.

जुनी_केमिस्ट_अकोला

फिटरदादांच्या वरचं एक अक्षरही मी खोडणार नाही.

पेरॉक्साईड म्हणजे तापावरची गोळी. कागदावर एक किलो सल्फाईडला एक किलो शंभर टक्के पेरॉक्साईड लागतं, प्रत्यक्षात तुमच्या तेलकट पाण्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट खपेल. मंडळाची माणसं दारात असतील त्या दिवशी चालेल, रोज नाही. हिराकसही सुचवतील कोणी. त्यातलं लोह सल्फाईडला धरून काळा साका करतं हे खरं, पण हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. ज्या सल्फेटनं घर जाळलं तेच पुन्हा आत आणायचं. लोह द्यायचंच तर फेरिक क्लोराईड द्या, आणि ते आम्लधर्मी आहे म्हणून पीएचवर डोळा ठेवून.

कॅल्शियम नायट्रेट, म्हणजे ठिबकातून देतात तेच, कृषी केंद्रात मिळतं. जिवाणू सल्फेटआधी नायट्रेट खातात म्हणून ते चालतं. मात्र तुमच्या सीओडीला, म्हणजे पाण्यातल्या एवढ्या सेंद्रिय घाणीला, नायट्रेट पुरवणं म्हणजे हत्तीला पोळीचे तुकडे. सम्प (पाणी साठायचा खड्डा) आणि लांब पाइपलाइनपुरतं ठेवा.

खरं काम व्हॉल्व्हपाशी आहे. ॲसिडचं पाणी टाकीत जाऊच देऊ नका. भंगारात जुनी एचडीपीई टाकी पडलेली असेलच. तिच्यात पाणी घ्या, वरचं तेल आधी काढा, नाहीतर चुन्याशी त्याचा साबण होऊन साय धरेल. मग चुन्याचं दूध हळूहळू, पीएच ८ च्या वर जाईपर्यंत. चुनाच, कॉस्टिक नाही. कॉस्टिकनं सगळं सल्फेट विरघळलेलंच राहतं. चुन्यानं त्यातला बराचसा जिप्सम होऊन तळाशी बसतो, तरी लिटरला चौदाशे-पंधराशे मिलिग्रॅम उरतंच, कारण जिप्सम तेवढा विरघळतो. वरचं निवळ पाणी एका दमात न सोडता वीस तासांत, बारीक धारेनं सोडा.

ब्लोअर चोवीस तास हवाच. पण पहिल्या दिवशी एकदम पूर्ण सुरू करू नका. आधी टाकीचा पीएच साडेआठपर्यंत चढवा, मग थोडी थोडी हवा. नाहीतर आठवड्याचं साठलेलं एकदम गावावर सोडाल.

जाता जाता, एरेशनच्या जिवाणूंना खाद्य म्हणून डीएपी खत टाकता का? डीगमिंगला, म्हणजे तेलातला डिंक काढायला, फॉस्फोरिक ॲसिड वापरत असाल तर फॉस्फरस पाण्यात आधीच असतो. नुसता युरिया पुरेल, आणि तोही टेक्निकल ग्रेडचा. शेतीच्या अनुदानाचं पोतं प्लांटमध्ये सापडलं तर वासापेक्षा मोठी भानगड होईल.

प्लांटवाला_वाशिम

साडेतीन आठवड्यांनी लिहितो आहे, माफ करा.

टाकी भंगारात होतीच. साहेब तयार नव्हते, पण पहिल्याच दिवशी वरून ॲसिड ऑइलचा दीड ड्रम जास्तीचा निघाला. इतकी वर्षं तो व्हॉल्व्हवाल्याच्या घाईत माझ्या ट्रॅपमध्ये येत होता. ड्रम विकल्यावर ब्लोअरच्या बिलाची चर्चा पुन्हा झाली नाही. माणसं उतरवली नाहीत, गाळ सक्शन टँकरनं काढला. लिंबाचे फवारे बंद.

आता सातला पीएच ७.८ ते ८.१. कागद तपकिरी व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. वास शून्य झाला म्हणणार नाही, टाकीच्या काठाशी आहेच, पण अंगणात बाज पुन्हा आली. मध्ये एका रात्री वादळानं लाईन गेली, ब्लोअर जनरेटरवर नव्हता, पहाटे पुन्हा तेच. सकाळी सातच्या आत मामांचा फोन. सोयरिकीतला माणूस म्हणजे मंडळापेक्षा वेगवान.

ताई, डीएपी खरंच टाकत होतो. बंद केलं.

आता टाकी झाकून बायोफिल्टर करायचा, म्हणजे वासाची हवा कंपोस्टच्या बेडमधून गाळायचा, विचार आहे. डिफ्यूझरची हवा ताशी १८० घनमीटर आहे, झाकणाखाली ओढ राहावी म्हणून पंखा ३०० चा धरला. हवा बेडमध्ये मिनिटभर थांबावी म्हटलं तर पाच घनमीटर बेड होतो, मी आठ धरतो, मीटरभर खोल. कंपोस्टमध्ये मिसळायला लाकडाचे तुकडे इथं महाग आहेत, पऱ्हाटी मात्र शिवारात फुकट जळते. पऱ्हाटीचे तुकडे ओलाव्यात किती टिकतील? की दोन पावसाळ्यांत बसून जातील आणि हवाच अडेल? कोणी वापरली असेल तर सांगा. मोर्शीच्या भाऊंनाही विचारतो, तुमच्या खतखड्ड्यात पऱ्हाटी कुजायला किती दिवस घेते?

संत्रेवाला_मोर्शी

बारीक केली तर एका पावसाळ्यात नरम पडते भाऊ. अख्खी टाकली तर दोन वर्सं हलत नाई, बुडाची जाड खोडं तर त्याहून जास्त. कुट्टी मशीनचं पातं मोठं ठेवा, बोटाएवढे तुकडे पाडा, पाला-बोंडं झटकून. आणि आईच्या जोडव्यायचं काय झालं थे नाई सांगितलं.

प्लांटवाला_वाशिम

पंधरा दिवस झाले, अजून पांढरी आहेत. रोज पाय पुढे करून दाखवते.