दुपारी दोननंतर डोकं चालत नाही: साखर कमी पडते की कारण दुसरंच?

टेबललॅम्प
काम बैठं, हिशेबांच्या पडताळणीचं. साडेनऊ ते बारा सुरळीत. दोन ते चार मात्र एकच ओळ तीनदा वाचावी लागते, आकडे निसटतात. तेव्हा काहीतरी गोड खाणं होतं आणि चार वाजता दोन कप कॉफी. झोप साडेबारा ते साडेसहा. मेंदूला ग्लुकोज कमी पडतं हे खरं आहे का? नसेल तर आधी काय बदलावं?

रेणू
ग्लुकोजला उगाच दोष दिला जातो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा साधारण २ टक्के आणि विश्रांतीतल्या ऊर्जाखर्चात सुमारे २० टक्के, हे खरं. पण हा खर्च दिवसरात्र चालूच असतो. किचकट ताळेबंद तपासताना तो अगदी थोडाच वाढतो, आणि निरोगी माणसाची रक्तशर्करा यकृत सांभाळून घेतं. (मधुमेहाची औषधं चालू असतील तर गोष्ट वेगळी.)

दुपारी दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली अडेनोसिन. पेशी ऊर्जा वापरतात तसा हा रेणू जागेपणी मेंदूत साठत जातो, ठरावीक ग्राहींवर (पेशींवरच्या, तो बसू शकेल अशा जागांवर) बसतो आणि जागं ठेवणाऱ्या केंद्रांना आवर घालतो. झोपेत तो उतरतो. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. दुपारच्या सुरुवातीला त्याचा जागं ठेवणारा जोर काही काळ कमी पडतो. न जेवणाऱ्यांतही ही घसरण दिसते. भरपेट जेवणाने ती वाढते, इतकंच.

तुमची खरी अडचण सहा तासांच्या झोपेत आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग १४ दिवस सहा तासच झोप मिळालेल्यांचं लक्ष सबंध रात्र जागलेल्या माणसाच्या पातळीला आलं होतं. त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच झोप येतेय असं वाटत होतं. म्हणून ‘मला सहा तास पुरतात’ या भावनेवर विसंबू नका.

निशाचर
चारची कॉफी आधी बंद करा. कॅफिन अडेनोसिनला हटवत नाही, फक्त त्याची जागा अडवून बसतं. अडेनोसिन मागे साठतच राहतं. रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. दोन कपांत २०० मिलिग्रॅम धरलं, तर रात्री नऊला १०० उरतं आणि दोन वाजता ५०. झोप लागते, पण गाढ झोप कमी होते. मग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दोन कप. या चक्रातच बहुतेकजण अडकलेले असतात.

शेवटचा कप एकच्या आत. तो पिऊन लगेच १५ ते २० मिनिटं डोळे मिटून पडा, गजर लावून. कॅफिनचा जोर जाणवायला साधारण तितकाच वेळ लागतो. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं आधीपेक्षा जड होतं. ‘डुलकीने उलट त्रास झाला’ म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

टेबललॅम्प
ऑफिसात पडायला जागा नाही. आणि तीनला हमखास मीटिंग असते.

निशाचर
मग दहा मिनिटं बाहेर उजेडात चाला. डोळ्यांतल्या काही पेशी निळसर उजेडाला खास प्रतिसाद देऊन थेट घड्याळाच्या केंद्राला खबर देतात. खोलीतल्या दिव्यांचा उजेड बाहेरच्या उजेडाच्या तुलनेत फारच कमी असतो, मग आभाळ का भरून आलेलं असेना.

खडूस
तीनची मीटिंग असू दे, तिथे बोलायचं तरी असतं. चुका होतात त्या तिच्या आगेमागे. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स एका वेळी जेमतेम चार गोष्टी हाताशी धरतो, आणि त्याला डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन (मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं) मध्यम प्रमाणात लागतं. कमी झालं की कंटाळा, जास्त झालं की घालमेल. दोन्हींत आकडे निसटतात. म्हणून शेवटच्या तारखेच्या धाकाने काम उरकतं, पण पडताळणी बिघडते.

२०२२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांना दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या या भागात ग्लुटामेट (हेही निरोप पोचवणारं रसायनच) साठलेलं आढळलं. ती माणसं पुढे कमी कष्टाचा, लगेच फायद्याचा पर्याय जास्त निवडत होती. अभ्यास एकच आहे, पण धोका ओळखीचा आहे: संध्याकाळी पाचला तुम्ही फरक शोधत नाही, ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडून देता. मंजुरीच्या सह्या सकाळीच करा. दोन ते चारमध्ये फायली लावणं, साधी उत्तरं, नोंदी चढवणं.

मध्येच उठावं लागलं तर उठण्याआधी एक ओळ लिहा: ‘ओळ ८७ पर्यंत जुळलं, फरक १,२४०, पुढे परतावे तपासणे.’ अर्धवट काम डोक्यात रेंगाळत राहिलं की पुढच्या कामाला लक्ष कमी मिळतं. कागदावर उतरलं की बरंचसं सुटतं.

रेणू
सगळं एकदम बदलू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. आधी कॉफी, मग झोपायची वेळ दर काही दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे, साडेसात तास होईपर्यंत. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच. दोन-तीन आठवडे पुरेशी झोप होऊनही दुपारी तसंच झालं तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. घोरणं जोरात असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर झोपेची तपासणी सगळ्यात आधी.