दोन मुली आहेत, बायकोला दहावी करायचीय, आईला नातू पाहिजे. काय करू?

कापूसवाला_पारोळा
राम राम मंडळी. कोरडवाहू शेती आहे, दोन मुली, मोठी पाचची धाकटी दोनची. बायको आठवी शिकलेली, पुढची शाळा दुसऱ्या गावी होती आणि एसटीने पाठवायची तिच्या वडिलांची हिंमत झाली नाही, अठरा लागलं तसं लग्न लावून मोकळे झाले. आता तिला १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा) भरून दहावी द्यायचीय. आई म्हणते दोन लेकरांच्या मायला शाळा कशाला, आणि रोज तेच, एक तरी अंडोर (मुलगा) पाहिजे. मला तिसरं नको पण आईपुढे तोंड उघडत नाही. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं की शिकलेली आई म्हणजे छोटं कुटुंब, हे खरंच तसं होतं का? दहावीच्या पुस्तकात असं काय आहे? आणि ऑपरेशन मी केलं तर जड काम होत नाही म्हणतात, ते खरं आहे का?

गुरुजी_शिरपूर
भाऊ, पुस्तकात काही नाही, वर्षांमध्ये आहे. मुलगी बारावीपर्यंत गेली की लग्न तीन-चार वर्षं पुढे जातं, पहिलं मूल उशिरा होतं, आणि दवाखान्यातला कागद ती स्वतः वाचून मग सही करते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं आणि बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८, एवढा फरक आहे. शाळेच्या मुलींसाठी सरकारने सोडलेल्या मानव विकासच्या निळ्या एसटीने येणाऱ्या मुली मी रोज बघतो. ती बस बंद पडली की आठ दिवसांत दोन-तीन जणी वर्गात दिसेनाशा होतात, आणि मग त्यांच्या लग्नाची पत्रिकाच हातात पडते.

रावेरकर
गुरुजी, मान्य, पण नुसत्या डिग्रीवर भरोसा नको. आपला जळगाव जिल्हा शिकलेला ना, २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली फक्त ८४२ होत्या, आणि शिक्षणात मागे म्हणतात त्या नंदुरबारला ९०० च्या वर. मग सोनोग्राफीला पैसे मोजणारे कोण होते, अडाणी का? मूल दोनच पाहिजे पण त्यात मुलगा पाहिजेच, हे शिकलेल्या घरातच जास्त बघितलंय मी. म्हणून म्हणतो तुमच्या आईला आधी हे सांगा की मुलगा का मुलगी हे पुरुषाकडून ठरतं, सुनेला बोलायचंच नाही.

आशाताई_चोपडा
दादा, ऑपरेशनचं मी सांगते. पुरुष नसबंदी बिनटाक्याची असते, त्याच दिवशी घरी, दोन दिवस आराम, मग हलकं काम चालतं आणि जड काम साधारण आठवड्याने. ताकद कमी होत नाही, कापसाची गाठोडी उचलाल पूर्वीसारखी. फक्त पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि नंतर वीर्य तपासून घ्यायचं, हे लोक विसरतात आणि मग आमच्या नावाने ओरडतात. गुरुजींनी सांगितलेल्या त्याच पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायांमागे बाईचं ऑपरेशन ३७.९ टक्के आणि पुरुषाचं ०.३, एवढं सगळं बाईच्याच पोटावर का, मला खरंच राग येतो. लगेच ठरत नसेल तर तांबी आहे, दहा वर्षं चालते, नाहीतर तीन महिन्याचं अंतरा इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण वहिनीला विचारा आधी. तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये तिला काय पाहिजे हे फक्त दहावीपुरतं लिहिलंय.

कापूसवाला_पारोळा
ताई, बरोबर बोललात, मी विचारलंच नव्हतं. रात्री मोबाईल तिच्याच हातात दिला, तिने सगळे रिप्लाय वाचले. तिसरं तिलाही नको, पण मी ऑपरेशन करतो म्हटल्यावर रडली. आईशी उद्या मी बोलणार, तिला पुढे करणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणायला सोमवारी माहेरी जातोय दोघं. तिचा प्रश्न असा की गणित आठवीनंतर पूर्ण सुटलंय, पारोळ्यात संध्याकाळी बायांना शिकवणारं कोणी आहे का?